शॉकरमध्ये तेल किती

ह्यांना लकवा झाला, त्याच्या तिसऱ्या महिन्यात मोटरसायकलचा पुढचा शॉकर गळायला लागला. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. रायपूरच्या बाहेर, भनपुरीत, धूळच इतकी, की सगळ्याच गाड्या काळ्या दिसत. सिलतऱ्याच्या कारखान्यांतून वाऱ्यावर येणारी लोखंडाची बारीक भुकटी वाळत घातलेल्या कपड्यांवर, भांड्यांवर, उशीच्या अभ्र्यावर बसायची. पण पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या चकचकीत नळ्यांवर ती तेलात कालवल्यासारखी चिकटून राहिली, आणि प्रत्येक खड्ड्यात 'खट्' असा दणका हँडलमधून माझ्या कोपरापर्यंत यायला लागला, तेव्हा समजलं.

त्या वेळी ती गाडी म्हणजे आमच्या घराचा उरलेला पाय होता. हे सिलतऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. एका सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून पडला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. वय एक्केचाळीस. आम्हाला मूल नव्हतं, दोघांच्याही घरचे लोक तिकडे वर्धा-अमरावतीला. छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. रायपूरला रोज कुठलं तरी नवं कार्यालय उघडत होतं. त्यातल्याच एकात मला कंत्राटावर टायपिंगचं काम मिळालं. शंकर नगरातला भाड्याचा बंगला. साहेब झोपायच्या खोलीत, फायली स्वयंपाकघरात, आणि मी ओट्याला लागून, जिथे कुणाची तरी शेगडी असावी, तिथे. भोपाळहून आलेल्या कपाटांवरचं जुन्या राज्याचं नाव रंगाने पुसलेलं होतं, पण उन्हाची तिरीप आली की ते खालून दिसायचं.

गाडी मला ह्यांनीच शिकवली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, रविवारी, सिलतऱ्याच्या मोकळ्या रस्त्यावर. पारातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायका हसायच्या. आता कुणी हसत नव्हतं. सकाळी शेजारच्या दीदीला ह्यांच्यापाशी बसवून मी ऑफिसला जायची, आणि आठवड्यातून दोन दिवस दुपारी परत येऊन ह्यांनाच मागे बसवून बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे न्यायची. टेम्पोत चढणं ह्यांना जमत नव्हतं. सायकलरिक्षावाले एवढ्या लांब ट्रकांच्या रस्त्यावरून यायला तयार नसत. मग मी जुन्या सुती लुगड्याची रुंद पट्टी फाडली. तिने ह्यांची कंबर माझ्या कमरेशी बांधायची आणि निघायची.

ह्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. 'हव.' छत्तीसगढीतला होकार. आम्ही घरी मराठी बोलणारे, पण कारखान्यात मजुरांशी बोलता बोलता तो ह्यांच्या जिभेवर बसला होता. मॅडम चित्र दाखवायच्या, "ये क्या है? पंखा?" हे म्हणायचे, "हव." "ये गिलास है?" "हव." मग मुद्दाम गाईचं चित्र, "ये भी गिलास है?" "हव." असं म्हणताना ह्यांचे डोळे मात्र 'नाही, नाही' म्हणत असायचे. मी भिंतीकडे बघत बसायची. मॅडमनी मला एक सांगितलं होतं, की पाठ असलेली मालिका कधी कधी निघते. एक, दोन, तीन. सोमवार, मंगळवार. तेवढं खरंच निघायचं. मी 'एक' म्हटलं की हे 'दोन' म्हणायचे आणि पुढे घसरगुंडीवरून सुटल्यासारखे जायचे. थांबता मात्र यायचं नाही.

शॉकर गळायला लागला तेव्हा मी भनपुरीच्या नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. पन्नाशीचा माणूस, ट्रकांच्या गर्दीत दुचाकीची कामं करणारा. त्याने नळ्या काढल्या, आतले रबरी सील बदलले, आणि डब्यातून सरळ तेल ओतलं. मी विचारलं, "भैया, कितना डालना पड़ता है?"

"अंदाज है भाभीजी. बीस साल से डाल रहे हैं."

घरी हे काम हेच करायचे, दर वर्षी पावसाळा सरला की. अंगणात पोतं अंथरून, तासन्‌तास. मी चहा नेऊन ठेवायची आणि म्हणायची, "इतकं काय करून राहिले त्या नळीत?" हे काही तरी सांगायचेही. मी कधी ऐकलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी गाडी वेगळी वाटली. आधी ती खड्ड्यात नाक खाली घालायची. आता नाक खाली जातच नव्हतं. पुढचं चाक लोखंडी दांड्याला बांधल्यासारखं ताठ झालं होतं. मला वाटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. ज्या बाईला काहीच कळत नाही ती असंच म्हणते.

मॅडमकडे जायचा दिवस होता. ह्यांना बांधलं, निघाले. शंकर नगरात त्या वर्षी रातोरात गतिरोधक उगवत होते. कुणी नवा मंत्री राहायला आला की त्याच्या फाटकासमोर एक उंचवटा. काल नसलेला एक तिथे आज होता, रंग नाही, खूण नाही. मी ब्रेक दाबला तोवर चाक त्यावर चढलं. शॉकर दबलाच नाही. पुढचा भाग उसळला, आपटला, डाव्या नळीतून फस्सकन तेल उडालं, माझ्या पायावर, चाकावर. हँडल हातातून निसटलं आणि आम्ही आडवे झालो.

बांधलेले होतो म्हणून एकत्र पडलो. गाडी माझ्या पोटरीवर, हे माझ्या पाठीवर. मी गाठ सोडायला गेले, तर ती खाली अडकलेली. ह्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. फाटकावरचा शिपाई धावत आला. मला वाटलं उचलायला येतोय. तो म्हणाला, "जल्दी हटाओ यहाँ से, साहब निकलने वाले हैं."

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, त्या सकाळी वस्तरा पडला तेव्हाच हे गेले असते, तर मी आज इथे अशी बांधलेली पडले नसते. पूर्ण वाक्य आलं, स्पष्ट, मराठीत. आणि त्याच क्षणी ह्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावरचा पदर सरळ केला. रस्त्यावर लोक बघत होते ना, म्हणून.

शिपायाने शेवटी गाडी उचलली. ह्यांचा गुडघा आणि कोपर सोलवटलं होतं, माझी पोटरी सायलेन्सरने भाजली होती. मॅडमकडे गेलो नाही. एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून, गाडी आत टाकून, ह्यांना दोघांनी उचलून घरी आणलं.

त्यानंतर हे गाडीवर बसेनात. पट्टी बघितली की तोंड फिरवायचे. मीही चालवायला घाबरत होते. टेम्पोने जाऊन ऑफिसला ओळीने तीन दिवस उशिरा पोचले. चौथ्या दिवशी साहेबांनी हाक मारून विचारलं, "जमेल ना तुम्हाला?" आवाज चढवला नाही त्यांनी. तोच आवाज जास्त लागला. कंत्राट महिन्याचं होतं आणि ओट्याशी बसायला बाहेर पुष्कळ लोक तयार होते.

मिस्त्रीकडे गेले ते भांडायलाच. त्याने माझी पोटरी बघितली आणि खाली बसला. म्हणाला, "गलती मेरी है. तेल ज़्यादा हो गया. अंदर हवा को जगह ही नहीं बची." दोन्ही सील आपण नवे टाकून देऊ म्हणाला, घरी येऊन. "लेकिन इस बार नाप बता दो. भैया खुद करते थे ना? उनसे पूछ लो."

ह्यांचं बोलणं गेलंय, हे त्याला माहीत नव्हतं.

सुट्या भागांच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला एकशे साठ मिली. दुसऱ्या एकाने छातीठोकपणे पावणेदोनशे सांगितलं. तिसरा म्हणाला, आतली स्प्रिंग बदललेली असेल तर पुस्तकातला आकडा धरू नका. मला आठवलं, ह्यांनी कधी तरी स्प्रिंग बदलली होती. गाडीबरोबर आलेलं पुस्तक शोधलं, ते वाळवीने खाल्लेलं. ह्यांच्या ट्रंकेतले कागद सगळे उलटेपालटे केले. कुठे एक आकडा लिहिलेला नाही. सगळं डोक्यात, आणि डोक्याला कुलूप.

संध्याकाळी ह्यांच्यासमोर बसले. हात हातात घेतला.

"अहो, ऐका. शॉकरमध्ये तेल किती टाकायचं? एका नळीत? आकडा सांगा फक्त."

"हव."

"हव नाही. आकडा. एकशे साठ?"

"हव."

"एकशे पंचाहत्तर?"

"हव."

मग मला मॅडमचं बोलणं आठवलं. म्हटलं, दहा-दहाने मोजूया, जिथे आकडा येईल तिथे माझा हात दाबा. मी म्हटलं, "दहा." हे म्हणाले, "वीस, तीस, चाळीस." आवाज इतका स्वच्छ, की शेजारच्या दीदीने खिडकीतून डोकावलं. शंभरला आले आणि न थांबता पुन्हा "दहा, वीस". मी म्हटलं, "शंभराच्या पुढे चला ना. एकशे दहा." हे म्हणाले, "वीस, तीस, चाळीस." पुन्हा शंभर. पुन्हा दहा. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. हात दाबायचे ते, पण प्रत्येक आकड्याला दाबायचे. मला थांबवता येईना. मी त्यांचा हात झटकला आणि ओरडले, "काहून मले असं छळता? एक आकडा मागून राहिली मी. एकच! बाकी काही बोलू नका जन्मभर!"

हे मोजायचे थांबले. तोंड उघडंच राहिलं, आणि त्यातून आवाज न करता ते रडायला लागले. मी उठून अंगणात गेले, गाडीपाशी उभी राहिले आणि तिच्या टाकीवर दोन्ही मुठी मारल्या. पोचा आला नाही. माझीच बोटं सुजली.

रविवारी सकाळी मिस्त्री आला, हत्यारांची पिशवी आणि तेलाची बाटली घेऊन. ह्यांना खुर्चीवर अंगणात बसवलं, ऊन लागावं म्हणून. मिस्त्रीने गाडीखाली विटा लावल्या, चाक काढलं, दोन्ही नळ्या काढल्या, जुनं तेल ओतून दिलं, सील बसवले. मग औषधाच्या मापाची बाटली हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "बताओ भाभीजी, कितना?"

मी म्हटलं, "एक सौ साठ डालो. जो होगा सो होगा."

त्याने मोजून ओतलं आणि वर स्प्रिंग टाकायला घेतली. तेवढ्यात मागे खुर्ची घासल्याचा आवाज आला. हे उठत होते. एकटे. मी धावले, पण ह्यांनी कोपराने मला बाजूला केलं. उजवा पाय ओढत दोन पावलं टाकली आणि मिस्त्रीच्या हातातल्या नळीवर डावा हात ठेवला. स्प्रिंग टाकू दिली नाही.

"क्या हुआ भैया?"

"हव," हे म्हणाले. आणि नळी धरून वरचा भाग खाली दाबला. मग वर ओढला. पुन्हा दाबला. चार-पाच वेळा. आत गुळगुळ आवाज झाला, बुडबुडे वर आले. मग हाताने मिस्त्रीचं मनगट दाबून धरलं, थांब म्हणून. आम्ही तिघं त्या नळीच्या तोंडाकडे बघत उभे होतो. तेलाची पातळी हळूहळू खाली गेली.

मग नळी पूर्ण खाली दाबून ह्यांनी मान वळवली. नजर अंगणभर फिरवली. मला कळेना काय हवंय. मी पाणी आणलं, नको. फडकं दिलं, नको. शेवटी कोपऱ्यातल्या खराट्याकडे हनुवटी केली. मी खराटा दिला. ह्यांनी दाताने एक काडी ओढून काढली आणि नळीत सरळ सोडली, तेलाला टेकेपर्यंत. नळीच्या तोंडाशी काडी नख रुतवून चिमटीत धरली आणि बाहेर काढली. टोक जरासं ओलं झालं होतं.

मी खुर्ची पुढे सरकवली. ह्यांनी बसून काडी मांडीवर ठेवली आणि उजवा हात पुढे आणला. वाकडा, मूठ मिटलेला. त्या हाताला वीत उघडायची होती. अंगठा थरथरत होता, करंगळी हलतच नव्हती. ह्यांच्या कपाळावर घाम आला. मिस्त्रीने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "अहो, डाव्याने करा. डावा चालतो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग डाव्या हाताची वीत काडीवर ठेवली. टोकाला करंगळी, वर अंगठा. मग अंगठ्याकडून दोन बोटं कमी केली आणि नखाने तिथे खूण केली. चिमटीची खूण त्याच्याही खाली होती. नळीच्या तोंडापासून तेलापर्यंत एवढी जागा रिकामी राहायला पाहिजे, आणि आमच्या नळीत ती कमी होती. तेल थोडं जास्त झालं होतं.

मिस्त्री एकदम बोलला, "अरे भैया! आप तेल नहीं, खाली जगह नापते हो!"

मी त्यांना चुकीचाच प्रश्न विचारत होते. किती टाकायचं, किती टाकायचं. त्यांच्याजवळ तो आकडा कधी नव्हताच. विसरले नव्हते ते. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला त्या संध्याकाळचं माझं ओरडणं ऐकू येत राहिलं, आणि त्यांचं दहा, वीस, तीस.

मिस्त्रीने थोडं तेल काढलं, काडी सोडली, खुणेला आणलं. दुसऱ्या नळीतही तसंच. दोन्ही काड्या शेजारी धरून ह्यांना दाखवल्या. केसभर फरक होता, तर ह्यांनी तोही दुरुस्त करायला लावला. नळ्या बसल्या, चाक बसलं. मिस्त्रीने हँडल धरून गाडी दाबली. ती खाली गेली आणि मऊपणे, एकाच दमात वर आली. आवाज नाही. जाताना तो ह्यांच्या पाया पडला. वयाने मोठा माणूस. मला ते बघवलं नाही.

त्यानंतर हे पुन्हा पट्टी बांधू द्यायला लागले आणि मॅडमकडे जाणं सुरू झालं. मी शॉकरची गोष्ट त्यांना सांगितली. मला आशा होती, की ऐकून त्या काही नवी वाट काढतील. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, समज चांगली आहे, हाताचं कामही जमतंय. पण बोलणं आता फारसं येणार नाही, येण्याजोगं पहिल्या महिन्यांत यायला हवं होतं. हे शेजारीच बसले होते. त्यांना सगळं समजत होतं, हे आत्ताच मॅडमनी स्वतःच सांगितलं होतं. मॅडमना ते सुचलं नाही. मलाही त्यांना थांबवायचं सुचलं नाही.

परत येताना भनपुरीच्या नाक्यावर मी घराकडे वळवायला गेले, तर ह्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर बोटं रुतवली आणि मग तोच हात पुढे केला. सरळ. सिलतऱ्याकडे.

"तिकडे कायले? कारखान्यात?"

बोटं परत खांद्यात रुतली. मी गेले. ट्रकांच्या मधून, धुळीतून, तोंडाला पदर बांधून.

फाटकावर चौकीदाराने ओळखलं आणि आत निरोप दिला. चहाची वेळ होती. ह्यांच्या बरोबरचे चार-पाच फिटर बाहेर आले. सगळे मोठमोठ्याने बोलत होते, ह्यांना ऐकू येत नाही असं समजून. "कैसे हो भैया? एकदम बढ़िया दिख रहे हो!" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांच्या जागी दुसरा माणूस आला होता हे कुणी सांगितलं नाही, पण तो त्यांच्यातच मागे उभा होता, हात पुसत.

एकाने आत जाऊन ह्यांच्या कपाटातलं सामान आणलं. एक टॉवेल, स्टीलचा पेला आणि कारखान्याचे जड बूट. लोखंडी टोकाचे, अजून बरे. ह्यांनी बूट डाव्या हातात घेतले आणि बराच वेळ उलटून-पालटून तळ बघितला. फाटकाशी कंत्राटातला एक म्हातारा मजूर बसला होता, राखेने पांढरा झालेला, पायात रबरी चप्पल. रोज तो त्याच चपलेने तापलेल्या लोखंडाच्या आवारात वावरत असणार. हे गाडीवरून उतरले नाहीत, उतरता येत नव्हतं, मी बांधलेलं होतं. त्यांनी नुसता हात लांब केला आणि बूट त्याच्यासमोर धरले.

म्हातारा घेईना. मला विचारत राहिला, "सच में ले लूँ दीदी?" मी मान हलवली. त्याने तिथेच बसून घातले. मोठे होत होते. त्याने खिशातून मशीन पुसायच्या सुताचा बोळा काढून टाचेशी कोंबला, उभा राहिला, दोन-चार पावलं टाकून बघितली. तेवढ्यात चहाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. सगळे आत गेले, तोही गेला, बूट वाजवत. चौकीदाराने फाटक ओढलं.

माझ्या पाठीला ह्यांचं कपाळ टेकलं. मी किक मारली, पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली.